पनीर निळं झालं, लोणच्याला बुरशी आली. घरी नेमकं काय काय करायचं?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

मागच्या महिन्यात मुलाच्या वाढदिवसाला कोपऱ्यावरच्या डेअरीतून एक किलो सुटं पनीर आणलं. भाजीत टाकलं तर शिजेना, मऊ होईना, दाताखाली रबरासारखं करकरत होतं. पाहुणे होते म्हणून तेव्हा गप्प बसले पण मनात राहिलं, म्हणून दुसऱ्या दिवशी उरलेला तुकडा पाण्यात उकळला, पूर्ण गार केला आणि औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणून दोन थेंब टाकले. थेंब पडला तिथून काळपट निळा रंग पसरत गेला, वहीवर शाई फुटते ना तसा. मुलगा शेजारी उभा होता, म्हणाला, आई हे मी काल खाल्लं ना? खरं सांगते, त्या रात्री झोप नाही लागली.

तेव्हापासून फडताळातली एकेक वस्तू काढून बघतेय. सुटी हळद, सुटं तिखट, पिवळाधमक गूळ, लालभडक आमसुलं, आलं-लसूण पेस्टची बाटली, टोमॅटो प्युरी, सरबताच्या बाटल्या. यातलं काय घरी करण्यासारखं आहे आणि काय चांगलं बघून विकत घ्यावं ते कळेना. व्हॉट्सॅपवर 'सगळंच विष आहे' छाप व्हिडिओ ढिगाने येतात, ते नकोत, स्वतःच्या हाताने करणाऱ्यांकडून ऐकायचंय.

माझी अडचण सांगते. ठाण्यात वन बीएचके, चौथा मजला, सोसायटीच्या गच्चीला कुलूप, बाल्कनीत ऊन सकाळी दहा ते एक. आई बार्शीची, तिच्याकडे उन्हाळाभर अंगणात कुरडया, सांडगे, पापड चालायचे, पण मी तेव्हा फक्त चीक खायला जायचे, शिकले काहीच नाही, आणि आता आई नाही.

गेल्या वर्षी पहिल्यांदा कैरीचं लोणचं घातलं. सासूबाईंना बीपी आहे म्हणून मीठ निम्मं केलं, तेल मात्र वर भरपूर ओतलं होतं. श्रावणात झाकण काढलं तर फोडींवर पांढरी लव. वरचं काढून खाल्लं तर चालतं असं शेजारच्या काकू म्हणाल्या, मी धीर केला नाही, सगळी बरणी टाकून दिली आणि फार वाईट वाटलं. तेल असून बुरशी का आली?

आणि अजून एक, लसूण सोलून वाटून तेलात घालून ओट्यावरच बाटलीत ठेवते, पंधरा दिवस पुरते. ते बरोबर आहे ना?

परसातली_रातांबी

अगो बाई, पहिलंच लोणचं गेलं म्हणून हातपाय गाळू नको. माझी पण गेलेली आहेत, आणि टाकलंस ते उत्तम केलंस. बुरशी वर दिसते पण तिची मुळं खाली गेलेली असतात, वरचा थर काढून काही होत नाही.

तुझं उत्तर तूच लिहिलंयस, मीठ निम्मं केलंस. लोणच्यात मीठ चवीला नसतं, राखणीला असतं. आमच्याकडे रत्नागिरीत एक किलो फोडींना दोनशे ग्रॅम मीठ, यात मी हात आखडता घेत नाही. मोहरीची डाळ शंभर ग्रॅम, तिखट ऐंशी ते शंभर, हळद दोन मोठे चमचे, मेथी तेलात तळून कुटलेली दीड चमचा, हिंग चांगला. कैरी आधी अख्खी धुवायची, कोरडी पुसायची आणि मग फोडायची, फोडून धुवायची नाही. फोडींना मीठ-हळद चोळून रात्रभर झाकून ठेवायच्या, सकाळी जो खार सुटतो तो फेकायचा नाही, तोच तर राखतो. फोडी कापडावर सावलीत दोन-तीन तास पसरायच्या, मग खार, मसाला, फोडी एकत्र. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार झाल्यावरच वर ओतायचं आणि फोडीच्या वर बोटाचं एक पेर तरी उभं राहिलं पाहिजे. चार दिवसांनी बघ, फोडी तेल पितात, मग वरची फोड उघडी पडते. पुन्हा तेल घाल. बहुतेक जणी इथे चुकतात, एकदा ओतलं की झालं समजतात.

बरणी चिनीमातीची नाहीतर काचेची. मी गरम पाण्याने धुऊन दिवसभर उन्हात पालथी ठेवते, मग आतून हिंगाची धुरी देते. रोजच्या खाण्याचं छोट्या बाटलीत काढायचं, मोठ्या बरणीत घरातल्या कुणाचाच चमचा जाता कामा नये. माझ्या घरात नवऱ्याला पण परवानगी नाही.

सासूबाईंना बीपी असेल तर त्यांच्यासाठी वेगळं कमी मिठाचं पाव किलोचं कर, फ्रिजमध्ये ठेव, आठ-दहा दिवसांत संपव. दोघींचं एकाच बरणीत भागवायला जाऊ नको.

आमसुलांचं सांगते कारण ते माझ्या परसातलं आहे. बाजारात जी ओली, जड, लालभडक मिळतात त्यात मिठाचं पाणी असतं वजनाला आणि कधी रंगही. आम्ही पावसाआधी रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उतरवतो, मेमध्ये. फोडून बिया आणि गर काढायचा, सालं उन्हात एक दिवस. गराला मीठ लावून जो रस सुटतो त्यात सालं भिजवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा भिजवायची, याला पुटं देणं म्हणतात. पाच-सहा तरी पुटं झाली पाहिजेत. शेवटी साल काळसर जांभळी, चिवट होते, हाताला ओल लागत नाही. अशी आमसुलं दोन वर्षं राहतात, जुनं आमसूल तर पित्ताला जास्त चांगलं म्हणून आमच्याकडे मुद्दाम ठेवतात. बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट कोकम तेल, करतो, पायांच्या भेगांना. काहीसुद्धा टाकून देत नाही.

तुझ्या बाल्कनीत पुटं द्यायला ऊन पुरायचं नाही, खोटं कशाला सांगू. पण सरबताचा अर्क तुला जमेल. सालांच्या वाट्यांत साखर भरायची, एक किलो सालांना दोन किलो साखर, काचेच्या बरणीत थरावर थर, तोंडाला फडकं, रोज तीन तासांचं ऊन पुरतं, आठ-दहा दिवसांत साखर विरघळून दाट रस तयार. गॅस नाही, पावडर नाही, रंग नाही. पाणी मात्र थेंबभर लागू द्यायचं नाही.

लॅबवाली

मी फळप्रक्रिया कारखान्यात क्वालिटी विभागात बरीच वर्षं काढली, आता घरीच असते. लसणाचं आधी लिहिते कारण ते तातडीचं आहे.

खाडीकाठ, ओट्यावरची ती लसणाची तेलातली बाटली आज टाकून द्या, वास घेऊन, चव घेऊन बघू नका. लसूण मातीत वाढतो, मातीत क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. त्याला हवा नसलेली जागा, ओल, कमी आंबटपणा आणि खोलीचं तापमान एवढं मिळालं की तो वाढतो आणि विष तयार करतो. तेलाखाली हे चारही मिळतात. चव-वास बदलतोच असं नाही. होतं क्वचित, पण झालं तर श्वासाचे स्नायू बंद पडतात, म्हणून यात नशिबावर सोडायचं नाही. नुसतं उकळून बीजाणू मरत नाहीत, त्याला १२१ अंश लागतात, म्हणजे दाबाखालची वाफ.

मग कैरीचं लोणचं कसं टिकतं, तेही तेलाखालीच असतं की. कारण कैरी आंबट. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. तो ४.६ च्या खाली गेला की हा जिवाणू वाढत नाही आणि कैरी त्याच्या कितीतरी खाली असते. बुरशीचं मात्र उलट आहे, ती आंबटात मजेत वाढते, पण तिला हवा लागते. म्हणून तेल मुख्यतः बुरशीला अडवायला आणि आंबट-मीठ बाकीच्यांना. एवढं कळलं की कुठलं लोणचं बाहेर ठेवायचं आणि कुठलं फ्रिजमध्ये हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

रातांबीताईंच्या दोनशे ग्रॅम मिठाचं गणित बघा, मला फार आवडलं. मीठ तेलात विरघळत नाही, ते सगळं फोडींच्या पाण्यात जातं. किलोभर कैरीत साधारण नऊशे ग्रॅम पाणी धरलं तर खार होतो अठरा टक्क्यांच्या आसपास. तुम्ही निम्मं केलंत म्हणजे दहा टक्के, त्यात फोडींनी तेल पिऊन वरची फोड उघडी पडली, पावसाळ्याची हवा लागली, बुरशीला अजून काय हवं.

आलं-लसूण पेस्टसाठी बर्फाचा ट्रे. वाटा, ट्रेमध्ये भरा, गोठल्यावर वड्या पिशवीत काढा, फ्रीझरमध्ये चार महिने निवांत. लसणाचं लोणचं करायचंच तर लिंबाच्या रसात पूर्ण बुडवा आणि फ्रिजमध्येच ठेवा.

आता पनीर. आयोडीनने निळं झालं म्हणजे त्यात पिठूळ पदार्थ होता, स्टार्च, एवढं नक्की. पण निळं नाही झालं म्हणजे ते अस्सल, असं मात्र समजू नका. दूध पावडर आणि पाम तेलाचं केलेलं ॲनालॉग आयोडीनला दाद देत नाही. ते बनवणं गुन्हा नाही, ते पनीर म्हणून विकणं गुन्हा आहे, पाकिटावर तसं लिहावं लागतं आणि सुट्या मालावर कोण लिहिणार. माझी साधी कसोटी हिशोबाची आहे. फुल क्रीम दुधाच्या लिटरला १८० ते २०० ग्रॅम पनीर पडतं, म्हणजे किलोला पाच लिटर दूध. दूध ७० रुपये धरा, नुसतं दूधच ३५० चं झालं, गॅस, मजुरी, भाडं वेगळं. कुणी २४० ला किलो देत असेल तर ते कशाचं आहे हे विचारायचीही गरज नाही. पनीर घरीच करा, एक लिटर दूध, एका मोठ्या लिंबाचा रस, वीस मिनिटं. आणि फ्रिजमध्ये तीन दिवस, जास्त नाही.

सरबताच्या बाटल्यांबद्दल थोडं वेगळं मत आहे. त्यात २११, २०२, २२४ असे आकडे दिसले की लोक घाबरतात. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, २०२ पोटॅशियम सॉर्बेट, २२४ पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. परवानगीच्या मापात असतील तर मला त्यांची भीती नाही, मी स्वतः मापून घातलेत. दम्याच्या माणसाने सल्फाइटपासून जपावं, त्याने त्रास वाढू शकतो, बाकीच्यांनी मला वाटतं साखरेची काळजी आधी करावी. मला भीती लेबल नसलेल्या मालाची वाटते, तिथे काय घातलं आणि किती घातलं दोन्ही माहीत नसतं.

हरिपूरकर

सांगलीजवळचा आहे, घरची हळद आहे म्हणून लिहितो.

ताई, हळदीची पूड सुटी घेऊच नका, हळकुंड घ्या. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची घ्यायची, चार माणसांना दीड-दोन किलो भरपूर झाली. हळकुंड मोडून बघा, कट्ट असा आवाज झाला पाहिजे आणि आतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद, केशरी झाक असलेला दिसला पाहिजे. बाहेरून सोन्यासारखं चमकतंय आणि आत फिक्कट, असला माल सोडून द्या. आमची हळद काढल्यावर शिजवतात, मग पंधरा दिवस उन्हात, मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश. शेतातून निघालेलं वाळलेलं हळकुंड मुळात मळकट, खरबरीत असतं, चमक पॉलिशनं येते आणि रंग चढवायचाच झाला तर ह्याच टप्प्यावर चढतो. गिऱ्हाईक चमक मागतं म्हणून व्यापारी चमक देतो, हे पण खरं आहे बघा. कमी पॉलिशचा माल मागणारी गिऱ्हाईकं वाढली तर आम्हाला पण बरंच आहे.

पाच किलो ओल्या हळदीची एक किलो वाळकी होते. पुडीचा दर हळकुंडापेक्षा कमी दिसला की थांबा, वर लॅबवाल्या ताईंनी पनीरचं सांगितलं तेच गणित.

साठवणीचं म्हणाल तर आमच्या हरिपूरला पेवं होती, जमिनीत खोल खोदलेली, घागरीसारखी, तोंड लहान आणि पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं कीड नाही, कुठलं औषध नाही. आत हवाच उरत नाही म्हणून कीड जगत नाही. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे, आतली हवा माणसालाही पुरत नाही, वारा खेळू द्यायचा तोंडाशी आणि मग उतरायचं. २००५ च्या महापुरात बरीच पेवं पाण्याखाली गेली, माती ढासळली, हळद कुजून गेली. आमच्या वडिलांच्या मनातून तो वास बरीच वर्षं गेला नाही.

घरी तुम्हाला तेच करायचंय, लहान मापात. डबा गच्च भरायचा, मोकळी जागा ठेवायची नाही, झाकण घट्ट. हळकुंडं उन्हात तापवली असतील तर पूर्ण गार झाल्यावर भरा, ऊन-ऊन भरली की डब्याला आतून घाम येतो आणि मग बुरशी. दळताना तीन महिन्यांची दळा, वर्षाची एकदम नको.

गुळाचं थोडक्यात. पिवळाधमक गूळ हवा म्हणून गुऱ्हाळात हायड्रोस पावडर, म्हणजे रंग उजळणारं रसायन, टाकतात. नुसतं भेंडीचं पाणी घालून मळी काढलेला गूळ तपकिरी, काळसरच निघतो. तो पावसाळ्यात पाणी सोडतो, लवकर मऊ होतो, म्हणून लोकांना वाटतं खराब आहे. खराब नसतो. पाच किलोची ढेप फोडून, तुकडे कापडात बांधून, घट्ट डब्यात ठेवा.

एडिसनहून

मी न्यू जर्सीत असते. हळदीचं वाचलं आणि राहवलं नाही.

इथे मुलं एक आणि दोन वर्षांची झाली की रक्तातलं शिसं तपासतात. माझ्या मुलीचं दुसऱ्या वर्षी ३.५ (मायक्रोग्रॅम दर डेसिलिटर रक्तात) च्या वर आलं, तोच इथला इशाऱ्याचा आकडा आहे. डॉक्टरांनी घराचा रंग विचारला, नळ विचारले आणि मग विचारलं, तुम्ही मसाले कुठून आणता? मी अभिमानाने सांगितलं, भारतातून, ताजे, दर वर्षी बॅग भरून. सुटी हळद होती, गावाकडच्या एका दुकानातली, वर्षानुवर्षं तिथूनच घेत होतो. तपासायला दिली, त्यात शिसं निघालं. रोज दुधात चिमूटभर मीच घालत होते. ती बंद केल्यावर सहा महिन्यांनी आकडा खाली आला, मुलगी आता व्यवस्थित आहे. पण तो फोन आला तो दिवस अजून अंगावर येतो.

हळद पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट लावतात, ते शिशाचं असतं. बांगलादेशात यावर मोठं काम झालं, २०१९ मध्ये बाजारातल्या जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसं होतं, लोकांना सांगितलं, बाजारात धाडी घातल्या, गिरण्यांवर लक्ष ठेवलं आणि २०२१ पर्यंत ते शून्यावर आलं. म्हणजे होऊ शकतं, करायचं ठरवलं तर.

डबाबंद करायचं म्हणून एक सांगते, इथे लोक बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून आंबट फळं, लोणची वर्षभराची करतात. मी आंब्याचा मुरंबा, लिंबाचं गोड लोणचं तसं करते. पण फरसबी, मटार, मका, शिजवलेली डाळ हे नुसतं उकळून कधीच ठेवायचं नाही, त्याला प्रेशर कॅनर लागतो, आपला घरचा कुकर त्यासाठी बनवलेला नाही. मी ते सगळं फ्रीझ करते.

खाडीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. लसणाची बाटली कालच टाकली, लॅबवाली ताई, हात थरथरत होते टाकताना, मुलाच्या डब्यात रोज तीच जात होती. एडिसनच्या ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, मी पण हळदीचं दूध देते रोज रात्री.

आता हळदीची पाण्याची टेस्ट करतात ना, ग्लासात चमचाभर टाकून, ती केली. पाणी फिकट पिवळं राहिलं आणि हळद हळूहळू खाली बसली. म्हणजे माझ्या घरातली चांगली का?

टोमॅटोचं पण सांगा, जानेवारीत स्वस्त मिळतात तेव्हा प्युरी करून बाटल्यांत भरावी म्हणते. आणि शेजारीण गव्हाला बोरिक पावडर लावते, म्हणते एक दाणा किडत नाही, ते चालतं का?

लॅबवाली

पाण्याची टेस्ट पाण्यात विरघळणारा रंग पकडते. पाणी लगेच गडद पिवळं झालं तर हळद वाईट, हे बरोबर. पण लेड क्रोमेट पाण्यात विरघळतच नाही, ते हळदीबरोबर मुकाट्याने तळाशी बसतं. तेव्हा चांगला निकाल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ॲसिडच्या टेस्ट घरी करू नका, मुलं आहेत. खरंच शंका असेल तर तपासून घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, अन्नसुरक्षा कायदा २००६ चं कलम ४० ग्राहकालाच आहे, फी भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. पनीरचीही लेखी तक्रार एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, करा. तुम्ही टाकून दिलंत, पण तोच डेअरीवाला उद्या दुसऱ्या मुलाच्या वाढदिवसाला देणारच आहे.

हळद मात्र हरिपूरकरांच्या पद्धतीने हळकुंड घेऊन दळा. पुडीच घ्यायची तर पाकिटावरचा चौदा आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नंबर बघा आणि तो साइटवर टाकून खरा आहे का तेही बघा. बचत गटाकडून घेताना पण बघा, छोट्या उत्पादकाचा नोंदणी नंबर २ ने सुरू होतो, परवान्याचा १ ने. खोटा नंबर छापलेली पाकिटं मी पाहिली आहेत.

टोमॅटोला आपण आंबट समजतो पण तो नेमका सीमेवर आहे, ४.६ च्या थोडा अलीकडे-पलीकडे, जास्त पिकलेला किंवा कमी आंबट जातीचा असेल तर वर सुद्धा. म्हणून प्युरी बाटलीत भरून कपाटात ठेवू नका. शिजवा, गाळा, गार करा, पिशव्यांत पातळ भरून आडव्या गोठवा, वह्यांसारख्या उभ्या रचता येतात, फ्रीझर लहान असला तरी सहा-सात किलोची प्युरी बसते. लागेल तेवढी तोडून घ्यायची.

बोरिक पावडर नको. ते खाण्याचं औषध नाही, झुरळांचं आहे, आणि दळणाआधी धुतलं जाईल म्हणून लावतात पण गहू कोण रोज धुऊन वाळवतं.

परसातली_रातांबी

गव्हाला आम्ही एरंडेल चोळतो, तळहाताला लागेल इतकंच, दाण्याला नुसती चकाकी आली पाहिजे. कडधान्याला पण तेच. वर कडुनिंबाचा वाळलेला पाला, ओला नको.

आणि कुणी त्या धान्यात ठेवायच्या गोळ्या सुचवल्या तर घरात अजिबात आणू नको. त्यातून वायू सुटतो, झोपेत माणसं गेलेली आहेत त्याने, शेजारच्या खोलीत ठेवल्या तरी.

हरिपूरकर

लाल मिरचीचं कोणी बोललं नाही म्हणून. मिरची हलवली की आत बी खुळखुळलं पाहिजे आणि देठ कट्कन मोडला पाहिजे, तोवर कांडपाला न्यायची नाही. दमट मिरचीत जी बुरशी होते तिचं विष भाजून, तळून जात नाही. तुम्हाला ऊन कमी आहे तर चार-पाच दिवस सलग तीन-तीन तास द्या, संध्याकाळी रोज आत घेऊन झाका, रात्रीचा दमटपणा बसू देऊ नका. कांडपाला समोर उभं राहून कुटून घ्या, आधीच्याचं उरलेलं काय असेल ते आपल्यात येतं म्हणून पहिली मूठभर बाजूला काढा.

खाडीकाठ

लिहिते काय झालं ते. बाल्कनीच्या ग्रिलवर जुनी सुती साडी बांधली, ब्याडगी दोन किलो आणि संकेश्वरी अर्धा किलो आणली, सहा दिवस लागले. काल लालबागला मिरची गल्लीत जाऊन समोर उभी राहून कुटून आणली. पहिली मूठ बाजूला काढली तर कांडपवाल्या दादांनी स्वतःच विचारलं, कोणी शिकवलं ताई.

पनीर रविवारी घरी केलं, लिटरला १९० ग्रॅम भरलं, वजन करून बघितलं. मुलाने पिळायला मदत केली. आयोडीन टाकून बघू या म्हणाला, बघितलं, तपकिरीच राहिलं, तो खूश. एफडीएकडे अर्ज दिला आहे, पोच मिळाली.

लोणचंही घातलं, दोन किलो कैरी, मीठ मोजून चारशे ग्रॅम. सासूबाईंनी स्वतःच सांगितलं की त्यांचं वेगळं कर, आणि फोडी पुसायला पण त्याच बसल्या होत्या. आज चौथा दिवस. रातांबीताई, तुम्ही म्हणालात तसंच झालंय, तेल खाली गेलंय, वरच्या दोन फोडी उघड्या दिसतायत. अजून वाटीभर तेल पुरेल का, आणि ते पण तापवून गार करूनच घालायचं ना?

परसातली_रातांबी

हो, तापवून, पूर्ण गार करून. वाटीभराने नाही बुडल्या तर अजून घाल, मोजू नको. आधी कोरड्या चमच्याने फोडी खाली दाब, मग तेल. पुढच्या सोमवारी पुन्हा बघ.